ग्रंथपाल व्हायचंय? आधी पाटीमागचा हिशोब बघा



गेल्या काही महिन्यांत ग्रामसंघाच्या बैठकांमध्ये एक विषय सारखा निघतोय. कुणाची मुलगी बी.ए. होऊन घरी बसली आहे. कुणाची सून शिकलेली आहे, पण शेताशिवाय हाताला काम नाही. मग कुणीतरी सुचवतं, "तिला ग्रंथपालाचा कोर्स लावा की! सावलीतलं काम, बसून काम, बाईमाणसाला बरं." लगेच पुढचा प्रश्न येतो, "फीसाठी गटातून कर्ज मिळेल का?"

कर्ज द्यायचं की नाही, ते तुमचा गट ठरवेल. पण ठरवण्याआधी हे काम नेमकं काय असतं, कुठे मिळतं आणि पैसे किती व कधी हातात पडतात, हे माहीत असायला हवं. मी स्वतः नऊ वर्षं गावच्या वाचनालयात काम करते आहे आणि गटाची सभासदही आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. नुसतं गोड सांगणार नाही आणि घाबरवणारही नाही.

या कामाची ओढ का वाटते

पुस्तकांची आवड असलेल्या मुलीला वाटतं की दिवसभर पुस्तकांत राहायला मिळेल. घरच्यांना वाटतं की जागा सुरक्षित आहे, उन्हातान्हाचं काम नाही, लोकही मान देतात. यात खोटं काही नाही. गावात मला लोक "वाचनालयाच्या ताई" म्हणून ओळखतात आणि ते ऐकायला मला आजही बरं वाटतं.

पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ग्रंथपालाला वाचायला वेळ फार कमी मिळतो. ग्रंथपालाचं काम म्हणजे दुसऱ्याला वाचायला लावणं. ज्या मुलीला माणसांत मिसळायला आवडत नाही, नुसतं कोपऱ्यात वाचत बसायला आवडतं, तिला हे काम जड जातं.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले, पण पहिल्याच दिवसांत कंटाळले. माणसं येत नाहीत, बोलायला कुणी नाही. मला परत शिकवायला जाऊ द्या, म्हणून ते मागे लागले. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयाचं शिक्षण घ्या, मग काय ते ठरवा, असं त्यांना सांगण्यात आलं. तिथली वाचनालयं मुलांना, बायांना, कामगारांना कशी पुस्तकं पोहोचवतात हे त्यांनी पाहिलं आणि त्यांचं मन पालटलं. पुढे सारा जन्म त्यांनी याच कामाला दिला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला नियम आपल्यालाही सहज समजेल: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. कुलपात सांभाळून ठेवण्यासाठी नव्हेत. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या नावाने ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

रोजचं काम कसं असतं

नवीन पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत त्याची नोंद करायची. पुस्तकाचा क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, कुठून आलं, सगळं लिहायचं. आपण गटाच्या रोकडवहीत एकही रक्कम सोडत नाही, तसंच इथेही. मग शिक्का मारायचा आणि विषय पाहून वर्गीकरणाचा आकडा द्यायचा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ड्यूई यांची दशांश पद्धत वापरतात. त्यात सगळं ज्ञान दहा मोठ्या गटांत वाटलेलं आहे. शेती ६३० मध्ये, जनावरांचं संगोपन ६३६ मध्ये, स्वयंपाक ६४१ मध्ये, आरोग्य ६१० मध्ये आणि मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये. सुरुवातीला हे आकडे डोक्यावरून जातात. पण बाजारात धान्य, भाजी, कापड यांच्या ओळी वेगळ्या असतात ना, तसंच हे आहे. एकदा ओळी लक्षात आल्या की हवं ते पुस्तक अंधारातही सापडतं.

मग देवघेव. कुणी कोणतं पुस्तक नेलं, कधी परत करायचं, हे लिहून ठेवायचं. जे परत येत नाही त्यासाठी घरी निरोप धाडायचा, प्रसंगी स्वतः जायचं. गटाची वसुली ज्यांनी केली आहे त्यांना हे काम नवं नाही!

उरलेलं काम कुणी फारसं सांगत नाही. झाडलोट, कपाटं पुसणं, पावसाळ्यात पुस्तकांना लागणारी बुरशी, भिंतीतून येणारी वाळवी. वर्षातून एकदा सगळी पुस्तकं मोजायची. वार्षिक अहवाल तयार करायचा, हिशोब तपासनीसापुढे ठेवायचे, तपासणीला अधिकारी आले की सगळ्या नोंदवह्या समोर मांडायच्या. लहान वाचनालयात बहुतेक वेळा एकच माणूस असतं. ग्रंथपालही तीच, लिपिकही तीच आणि शिपाईही तीच.

आणखी एक अडचण वेळेची. बरीच वाचनालयं संध्याकाळी उघडी असतात, कारण पुरुषमाणसं आणि शाळेची मुलं तेव्हाच येतात. नेमकी तीच आपल्या चुलीची वेळ. घरात दुसरं कुणी भाकऱ्या टाकणारं नसेल, तर रोजची ओढाताण ठरलेली. मुलीचं लग्न ठरवताना सासरच्यांनाही हे आधी सांगावं लागतं.

'शासनमान्य' म्हणजे सरकारी नोकरी नव्हे

आता खरा मुद्दा. गावच्या वाचनालयाच्या पाटीवर 'शासनमान्य' असं लिहिलेलं असतं. ते वाचून पुष्कळ जणींना वाटतं, ही सरकारी नोकरी. मलाही तसंच वाटलं होतं. मामंजींनी तर पाहुण्यांत सांगूनही टाकलं, "सूनबाईला सरकारी नोकरी लागली." पहिलं मानधन हातात पडलं तेव्हा घरात सगळेच गप्प झाले.

खरी गोष्ट अशी. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार गावोगावच्या नोंदणीकृत संस्था वाचनालय चालवतात आणि शासन त्यांना मान्यता व अनुदान देतं. पुस्तकांची संख्या, वर्तमानपत्रं, सभासद, उघडे राहण्याचे तास अशा गोष्टी पाहून अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. पण तुम्हाला नेमणारं आणि काढणारं मंडळ संस्थेचं असतं. सरकार तुमचं मालक नाही. म्हणून सरकारी वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. ग्रंथालय कर्मचारी वेतनश्रेणीची आणि सेवाशर्तींची मागणी कित्येक वर्षं करत आहेत.

आता आकडे बघा. ड वर्गाच्या वाचनालयाला बरीच वर्षं वर्षाला ३०,००० रुपये अनुदान होतं. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर केली. म्हणजे ३०,००० चे ४८,००० झाले. अनुदानातली साधारण निम्मी रक्कम पगारासाठी असते. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, भाडं. निम्मे म्हणजे २४,०००. बाराने भागा. महिन्याला २,००० रुपये होतात.

त्यातही हे पैसे दर महिन्याला येत नाहीत. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं आणि हप्ता लांबला की मानधनही लांबतं. क, ब, अ वर्गाला अनुदान जास्त आहे, पण तिथे माणसंही जास्त असतात. शिवाय २०१२ मध्ये राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर बरीच वर्षं नवी मान्यता आणि दर्जावाढ थांबली होती. म्हणजे 'आज ड आहे, दोन वर्षांत क होईल' या आशेवर बसलेल्या कितीतरी जणी तिथेच राहिल्या. अनुदानाचे आकडे वेळोवेळी बदलतात. म्हणून तुमच्या जिल्ह्याच्या ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन आजचा आकडा विचारा आणि असाच भागाकार करून बघा.

शिक्षणाच्या पायऱ्या आणि त्या कुठे नेतात

'ग्रंथपालाचा कोर्स' हा एक शब्द आपण वापरतो, पण त्यात वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. कोणती पायरी कोणत्या दारापर्यंत नेते, ते समजून घ्या.

पहिली पायरी प्रमाणपत्राची. शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाची परीक्षा असते आणि तिचे वर्ग जिल्हा ग्रंथालय संघ चालवतात. अभ्यासक्रम साधारण सहा महिन्यांचा. गावच्या लहान वाचनालयासाठी एवढं शिक्षण पुरतं. कॉलेजात ग्रंथपाल व्हायला हे पुरत नाही. मोठ्या ग्रंथालयात सहायक म्हणून लागताना मात्र उपयोग होतो.

दुसरी पायरी पदवीची, म्हणजे बी.लिब. कोणत्याही शाखेची पदवी झाल्यावर एक वर्ष. शाळेच्या ग्रंथपालासाठी, मोठ्या सार्वजनिक वाचनालयासाठी हे शिक्षण मागतात. शाळेत पद पूर्णवेळ की अर्धवेळ, हे विद्यार्थ्यांच्या संख्येवरून ठरतं. अर्धवेळ पदावर काम बरंच आणि पगार निम्मा, अशी तक्रार बरीच वर्षं ऐकू येते. खाजगी इंग्रजी शाळांतही ग्रंथपाल लागतात, पण तिथला पगार ज्या-त्या संस्थेवर अवलंबून असतो.

तिसरी पायरी एम.लिब. आणि त्यावरची नेट किंवा सेट परीक्षा. एम.लिब. आणखी एक वर्ष. वरिष्ठ महाविद्यालयात कायम ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागतं. राखीव प्रवर्गाला गुणांत सवलत असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. या पदाला पगार चांगला आहे, प्राध्यापकांच्या जवळपासचा. पण ग्रंथपाल निवृत्त झाले की जागा बराच काळ रिकामी राहते. एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा एकच असते. जाहिरात आली की अर्जांची रास पडते.

शिकण्याची सोय मात्र आपल्याला जवळ आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, दोन्हींकडे घर सांभाळून हे शिक्षण घेता येतं. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातही हा विषय पूर्वीपासून शिकवला जातो. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, ते नक्की तपासा. आमच्या ओळखीतल्या एकीने 'परीक्षेला बसायची गरज नाही' म्हणणाऱ्या संस्थेत पैसे भरले. कागद मिळाला, पण तो कुठेच चालला नाही. पैसेही गेले आणि वर्षही गेलं.

आणि एक, संगणक आलाच पाहिजे. आता ग्रंथालयाची यादी, देवघेव, सगळं संगणकावर जातंय. 'कोहा' ही मोफत मिळणारी प्रणाली आणि शासनाची 'ई-ग्रंथालय' प्रणाली, यांची नावं तुम्हाला मुलाखतीत ऐकू येतील. युनिकोडमध्ये मराठी टायपिंग येणाऱ्या मुलीला चार ठिकाणी पुढे केलं जातं. तेवढं तरी आधी शिकून घ्या. ते दुसऱ्या कोणत्याही कामाला उपयोगी पडतं.

कर्ज काढायचं का?

आता गटातल्या प्रश्नाकडे येऊ. समजा, फी, पुस्तकं आणि येण्याजाण्याचा खर्च धरून १२,००० रुपये कर्ज घेतलं. व्याज महिना १ टक्का, फेड बारा महिन्यांत. पहिला हप्ता मुद्दल १,००० आणि व्याज १२०, असे १,१२० रुपये. पुढे व्याज कमी होत जाईल. वर्षभरात व्याज जाईल ७८० रुपये. ऐकायला फार नाही.

पण फेड कशातून करणार? गावच्या ड वर्गाच्या वाचनालयातले महिना २,००० रुपये धरले, तर निम्म्याहून जास्त हप्त्यातच जातात. तेही अनुदान आल्यावर. गटाचा हप्ता दर महिन्याला आणि मानधन वर्षातून दोनदा, हा मेळ बसत नाही. म्हणून माझं सांगणं असं आहे की कोर्ससाठी कर्ज घ्यायचं तर त्याची फेड आधीच चालू असलेल्या कमाईतून करा. दूध, शिलाई, कोंबड्या, जे असेल त्यातून. 'नोकरी लागल्यावर फेडू' या भरवशावर घेऊ नका. नोकरी लागली तर चांगलंच. नाही लागली तरी गटात मान खाली घालायची वेळ येऊ नये.

मुलगी हुशार असेल, नेट-सेटपर्यंत जायची तयारी असेल, तर दोन-तीन वर्षांचा विचार करून पैसा लावा. ती गावाबाहेर, दुसऱ्या जिल्ह्यात जायला तयार आहे का, तेही विचारा. कॉलेजच्या जागा आपल्या गावात निघत नाहीत.

मग गावचं वाचनालय सोडून द्यायचं का?

तुम्ही मला विचाराल, "एवढं सगळं माहीत असून तुम्ही नऊ वर्षं का टिकलात?"

कारण घर त्यावर चालत नाही, हे मी पहिल्या वर्षीच मान्य केलं. दोन म्हशी आहेत, सकाळी शिलाई आहे. वाचनालय हे माझं जोडकाम आहे. तसं धरलं तर त्यात पुष्कळ मिळतं. मी येण्याआधी आमच्या वाचनालयात बायका पाऊल टाकत नव्हत्या. दारात पुरुषमंडळी वर्तमानपत्र घेऊन बसलेली, आत कोण जाणार? मी खुर्चीवर बसायला लागले आणि आधी शाळेच्या मुली यायला लागल्या, मग त्यांच्या आया. गावात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलींना घरी जागा नसते, दिवा नसतो, मध्येच पाणी भरायला उठवतात. त्यांना वाचनालयातलं एक टेबल मिळालं. ते टेबल त्यांच्यासाठी राखून ठेवायला मला संस्थेच्या बैठकीत भांडावं लागलं. पण टेबल राहिलं.

ज्या बाया येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी मी गटाच्या मासिक बैठकीला पिशवीत दहा पुस्तकं घेऊन जाते. शेळीपालन, बाळंतपण, कायदा, एखाद-दोन कादंबऱ्या, मुलांच्या गोष्टी. वसुली झाली की पुस्तकं वाटायची आणि पुढच्या बैठकीला परत घ्यायची. ही युक्ती माझी नाही. शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी हेच केलं. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, संस्थानभर वाचनालयं उभी केली आणि १९११ साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्गही काढला. जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. त्यांच्या पेट्या होत्या, माझी पिशवी आहे.

तुमच्या गावातही बंद पडत आलेलं वाचनालय असेल, तर ग्रामसंघाने त्या संस्थेशी बोलावं. मंडळात बायका घ्या म्हणावं. कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान वाचनालयांना पुस्तकांसाठी मदत करतं. त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातच करता येते.

होकार देण्याआधी हे विचारा

गावच्या वाचनालयात काम मिळत असेल, तर हे प्रश्न संस्थेला विचारा आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा:

१. वाचनालयाचा वर्ग कोणता? गेल्या वर्षी अनुदान किती आलं आणि कोणत्या महिन्यांत आलं?

२. मानधन किती? बँक खात्यात जमा होईल ना? सही एका रकमेवर आणि हातात दुसरी, असं होऊ देऊ नका.

३. नेमणुकीचं पत्र मिळेल का? त्यावर तारीख, पद आणि रक्कम हवी.

४. उघडण्याची वेळ कोणती? रात्री घरी परतण्याची सोय काय?

५. दाखल नोंदवही आणि कपाटातली पुस्तकं जुळतात का? ताबा घेण्याआधी मोजून घ्या. नाहीतर आधी हरवलेली पुस्तकं उद्या तुमच्या नावावर येतील.

६. शौचालय आहे का? आपण हे विचारायला लाजतो. पण तीन-चार तास बसायचं असेल तर विचारलंच पाहिजे.

पुढच्या बैठकीत कुणाच्या मुलीचा असा विषय निघाला, तर हा लेख मोठ्याने वाचून दाखवा. मुलीलाही समोर बसवा, कारण काम तिला करायचं आहे. मग फळ्यावर तिघी मिळून तो भागाकार करा. त्यानंतरही मुलगी "मला हेच करायचंय" म्हणाली, तर तिला एकदा माझ्या वाचनालयात पाठवा. आठ दिवस बसू दे, देवघेव करू दे, कपाटं पुसू दे. आठव्या दिवशी ती स्वतःच तुम्हाला उत्तर देईल.